शफी मिस्त्री आणि एकशे एकवीस फुटी खंडोबा

शफीचाचांचा मोठा दोष आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कौतुक करायला मी मोकळा. माणूस भारी आढ्यताखोर. चहाच्या टपरीवर कुणी नवी विहीर खोदल्याची बातमी दिली की हे बशी खाली ठेवून विचारणार, कुणी खोदली? अन् मिस्त्रीचं नाव ऐकून नुसतं "हं" म्हणणार. त्या एका "हं"मध्ये त्या बिचाऱ्याची तालुक्यातली अब्रू जाते. वय सदुसष्ट, अंगकाठी पहारीसारखी, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. ती एका सुरुंगानं नेली. चूक वातीची नव्हती, माझीच होती, असं ते स्वतःच सांगतात, अन् लगेच पुढं जोडतात की त्यानंतर मी दुसरी चूक केलेली नाही. आता अशा माणसाशी काय बोलायचं?

मी गोरक्ष. कांद्याचा व्यापारी, अन् गावच्या मूर्ती समितीचा अध्यक्ष. होतो, असं म्हणायला पाहिजे. ही गोष्ट मी सांगतोय म्हणजे मी तिच्यात शहाणा ठरलो असं कुणी समजू नये.

आमचं गाव चांदवडपासून अकरा किलोमीटर आत. गावाच्या डोक्यावर खंडोबाची टेकडी, टेकडीवर आत जायला वाकावं लागेल असं लहानसं दगडी देऊळ, अन् पायथ्याला गावविहीर. ही विहीर शफीचाचांनी सत्त्याऐंशीच्या दुष्काळात खोदली. तेव्हा ते एकोणतिशीचे. त्यांचे वडील मालेगावकडून विहिरींच्या कामाला आले ते इथंच राहिले, पोरगा त्यांच्याच हाताखाली शिकला. आमच्या टेकडीची एक रीत आहे. तिच्या अंगाला पहार लावायची तर आधी पहारीला भंडारा लावायचा, देवाला विचारल्याशिवाय दगड उकरायचा नाही. चाचा बिस्मिल्ला म्हणायचे अन् पहारीला भंडारा लावायचे. यात त्यांना कधी अडचण वाटली नाही, अन् त्यांना विचारायची कुणाची छातीही झाली नाही.

त्या विहिरीला बावन्न फुटांपर्यंत थेंब लागला नव्हता. गाव हसत होतं. पाणाड्याला बोलवा, तळहातावर नारळ उभा राहतो का बघू, असं माझे वडीलच म्हणाले होते. चाचा म्हणाले, उभा राहिला तर फोडा अन् खोबरं खा. मग खाली उतरून त्यांनी चारी बाजूंच्या कातळावर पहार आपटून पाहिली. खडक भरीव असला तर ठण्ण वाजतो, मागं भेग असली तर आवाज बसका येतो. टेकडीच्या बाजूनं बसका आला. तिकडं त्यांनी आडवं भोक मारायला घेतलं, अन् सहाव्या दिवशी मनगटाएवढी धार बाहेर आली. त्या दिवसापासून आमच्या गावात सरकारी टँकर आलेला नाही. आसपासच्या गावांत मार्च लागला की बायका हंडे घेऊन रस्त्याला बसतात. आमच्या पोरांना स्थळं येतात तेव्हा पाव्हणे आधी नळ सोडून बघतात, मग पोरगा बघतात.

पुढं चाचांचं नाव निफाडपासून नामपूरपर्यंत झालं. निफाडच्या एका द्राक्षबागायतदारानं त्यांना बांधाला चिकटून विहीर मागितली होती, शेजारच्या विहिरीचं पाणी ओढायला. चाचांनी जागा बघितली, चहा घेतला अन् सांगितलं की दुसऱ्याच्या ताटातलं वाढून देणारा मिस्त्री वेगळा बघा. यंत्रसामग्री टेम्पोत भरून ते त्याच दिवशी परत आले. बेगमचाची, म्हणजे त्यांची बायको, आठवडाभर कुरकुरत होती. ती मात्र त्यांच्याशी भांडते, बाकी गावात ती हिंमत कुणाची नाही.

आता माझ्याकडं येतो. सिंहस्थ तोंडावर आला. नाशिकला लाखो लोक येणार, निम्मे आमच्या हायवेवरून जाणार. मांगीतुंगीला एकशे आठ फुटांची मूर्ती आहे, तिथं माणसं गाड्या करून जातात. मग आमच्या खंडोबानं काय घोडं मारलंय, असं मी एका बैठकीत बोललो अन् पोरांनी टाळ्या पिटल्या. झालं. एकशे एकवीस फूट, घोड्यावर बसलेला, हायवेवरून दिसणारा खंडोबा. समिती झाली, मी अध्यक्ष, अन् माझा वर्गमित्र वाल्मीक सचिव. वाल्मीकचं खताचं दुकान आहे अन् तोंडाला फाटक नाही.

वाद व्हायचा तो झालाच. कुणी म्हणालं आधी दवाखाना बांधा. कुणी म्हणालं दवाखाना बघायला कोण गाडी थांबवतं? पोरांना हॉटेलं दिसायला लागली, पार्किंग दिसायला लागलं. म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की देव लहान आहे म्हणून कुणाचं नवस फेडायचं अडलंय का? व्हॉट्सॲपच्या गटातून सहा जण भांडून बाहेर पडले अन् दुसऱ्या दिवशी परत आत आले. सरपंच सायली, आमच्या गावची इंजिनियर सून, ती सगळ्यांचं वहीत लिहून घ्यायची अन् स्वतः काहीच बोलायची नाही. मला तिचा लय राग यायचा. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत जो 'हो' म्हणत नाही त्या प्रत्येकाचा राग यायचा.

मूर्तीच्या पायाला चाळीस फुटी चार खड्डे लागणार होते, कातळ फोडून. या कामाला शफीचाचांशिवाय दुसरा माणूस कोण? मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. कोनशिलेवर तुमचं नाव घालू म्हणालो. चाचा खूश झाले, मला दिसलं ते. लगेच पहार घेऊन टेकडीवर आले. दोन तास ते इकडून तिकडं आपटत फिरले, मी उन्हात मागं मागं. शेवटी पहार खांद्यावर टाकून म्हणाले, "इथं नाय."

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की टेकडीच्या पोटात एक लांब भेग आहे. वरचं पाणी ती पिते, अन् खाली आपल्या विहिरीला सोडते. खड्डे नेमके तिच्यावर येतात. सुरुंग लावला तर भेग ढासळेल, वर सिमेंट ओतलं तर बुजेल. कशानंही झालं तरी गावविहीर कोरडी. मी म्हणालो, नाशिकहून इंजिनियर येणार आहे, तो बघेल. चाचा म्हणाले, इंजिनियर वरनं बघणार, मी आतनं बघितलंय. हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढा मान द्यायला निघालो, अन् हा माणूस मलाच शिकवतो.

ग्रामसभेत त्यांनी हेच सगळ्यांसमोर मांडलं. लोक ऐकत होते, काही जण माना डोलवायला लागले होते. तेवढ्यात वाल्मीक उठला अन् म्हणाला, "तुमचा देव नाय ना तो. म्हणून तुम्हाला मूर्ती नको."

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. अध्यक्ष म्हणून त्याला खाली बसवायचं काम माझं होतं. मी मूग गिळून बसलो. तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण मी वाल्मीकच्या बोलण्यावर मान हलवली. लहानशीच हलवली. पण हलवली.

चाचांचा आवाज चढला नाही. "मूर्ती दोनशे फुटी करा, गायरानात करा, मी दगड वाहीन," ते म्हणाले. "टेकडीला सुरुंग लावू नका. झरा तुटला तर परत जोडता येत नाय, अन् तो मला जोडता येत नाय म्हणजे कुणालाच येत नाय." इतकं बोलून ते निघून गेले. त्यानंतर ते टपरीवर यायचे बंद झाले. माझी आई, बायडाबाई, तिनं मला त्या रात्री जेवायला वाढलं, अन् स्वतः ओट्यावर जाऊन बसली. ती चाचांना शफीभाऊ म्हणते. त्या विहिरीचा पहिला हंडा तिनं भरलेला आहे.

आम्ही थांबलो नाही. ग्रामसभेचा पक्का ठराव व्हायचा होता, त्याआधी नुसता चाचणीचा खड्डा घ्यायला काय हरकत आहे, असं म्हणून पोकलेन चढवलं. वीस फुटी खड्डा झाला. इंजिनियरचा अहवाल यायचा होता, पण चंपाषष्ठी आली, अन् देवाचा दिवस सोडायचा कसा? भूमिपूजन ठरलं. भंडारा आणायचं माझ्याकडं होतं. मी नऊ पोती आणला, स्वस्तातला. त्यात हळद नावाला, बाकी मक्याचं पीठ अन् रंग. मला ते ठाऊक होतं. मूठभर घेतला तर तीन दिवस हाताचा रंग जात नव्हता. उधळायलाच तर आहे, कुणाला खायचाय, असं मी मनाला समजावलं.

चंपाषष्ठीला पाच गावची माणसं टेकडीवर. तळी भरली, येळकोटाचा गजर झाला, अन् पोरांना चेव चढला. नऊच्या नऊ पोती त्या खड्ड्यात गेली. मग कुणीतरी म्हणालं देवाला स्नान घाला, तर पंगतीसाठी गावविहिरीवर भरून आणलेल्या दोन टँकरचे पाइप खड्ड्यात सोडले. पिवळ्याधमक पाण्यानं खड्डा भरला. फोटो निघाले. लोक जेवायला बसले, वरण-बट्टीची पंगत उठेपर्यंत खड्डा रिकामा. तळाशी नुसता चिखल. वीस हजार लिटर पाणी गेलं कुठं, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. आम्हाला पडला नाही. देव प्याला, असं वाल्मीक म्हणाला, अन् आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला हाक मारली. नळाला पिवळं पाणी येत होतं. फिक्कं नाही, चांगलं पिवळं. तिनं माझ्या पोराचा, रुद्रचा, शाळेचा पांढरा शर्ट भिजवला होता, तो पिवळा झालेला, अन् साबण लागला तिथं तांबूस डाग. गल्लीत बायका भांडी घेऊन बाहेर आलेल्या. अर्ध्या तासात वाल्मीक विहिरीवर उभा राहून मोबाइलवर बोलत होता की खंडोबानं कौल दिला, भंडारा विहिरीत उतरला, मूर्ती इथंच पाहिजे असं देवाचं म्हणणं आहे. दुपारपर्यंत चांदवडहून लोक बाटल्या घेऊन हजर.

मी विहिरीच्या काठावर गेलो अन् वाकून पाहिलं. माझा भंडारा मी ओळखला. तो रंग तीन दिवस माझ्या हातावर होता. मागून आई आली. हातात तांब्या, त्यात ते पाणी. तिनं तो वाल्मीकपुढं धरला. "चमत्कार हाय ना," ती म्हणाली, "मग पी." वाल्मीकनं तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् त्याला एकदम दुकानाची आठवण झाली.

मी तिथून तडक चाचांच्या घरी गेलो. बेगमचाचीनं दार उघडलं, मला आत ये म्हणाली नाही, आल्यावर बाहेर जा म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता ते मला सोलून काढणार. त्यांनी फक्त विचारलं की खड्ड्यात पाणी कधी सोडलं अन् नळाला कधी दिसलं. मी वेळ सांगितली. ते बोटांवर काहीतरी जुळवत बसले, पाच नाही, चार बोटांवर म्हणा. मग उठले. आधी टाकीचा वॉल बंद करा, लोकांना ते पाणी पिऊ देऊ नका, अन् तिन्ही मोटारी लावून विहीर उपसायला घ्या, असं त्यांनी भराभर सांगितलं. मी सायलीला फोन लावला. तासाभरात दवंडी, अन् सत्त्याऐंशीनंतर पहिल्यांदा आमच्या गावानं बाहेरून टँकर मागवला. टँकर वेशीतून आत आला तेव्हा म्हातारीकोतारी माणसं दारात येऊन बघत होती. माझ्या अंगाची आग झाली, अन् या वेळी दुसऱ्या कुणावर राग काढायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात पक्क्या ठरावाची ग्रामसभा झाली. शाळेचं पटांगण भरलं. वाल्मीक पहिला उठला. त्यानं कौलाचं पालुपद पुन्हा लावलं, अन् खोटं कशाला बोलू, निम्मी सभा त्याच्या बाजूनं होती. देवानं खूण दिली म्हटल्यावर कोण आडवं जाणार? सायलीनं वही मिटली अन् शफीचाचांना बोलायला सांगितलं.

चाचा उभे राहिले. "देवाचा कौल मला मान्य हाय," ते म्हणाले. "भंडारा तुम्ही टेकडीवर टाकला, अडीच दिवसांनी तो नळाला आला. वाट देवानंच दाखवली. आता त्या वाटेत सिमेंट ओतल्यावर नळाला काय येईल, तेवढं वाल्मीकनं सांगावं. मी खाली बसतो."

अन् खरंच खाली बसले. वाल्मीक उभाच राहिला. मग मी उठलो. बोलायचं काही ठरवून आलो नव्हतो. मी सांगितलं की भंडारा मी आणला, तो भेसळीचा आहे हे मला ठाऊक होतं, विहिरीत उतरलाय तो माझा रंग आहे. देवाला मोठं करायला निघालो अन् देवालाच भेसळ वाहिली. अध्यक्षपद मी सोडतो, अन् माझा हात टेकडीला हात न लावण्याच्या बाजूनं. मी हात वर केला. आईचा माझ्या आधीच वर होता. मग मागून हात वर जायला लागले. सायलीनं दोनदा मोजले, विरोधात सतरा निघाले. पायासाठी टेकडी फोडायची नाही, असा ठराव झाला. इंजिनियरचा अहवाल नंतर आला, त्यातही तेच होतं, फक्त चाळीस पानांत. मूर्ती गायरानात करायची का, यावर गाव अजून भांडतंय. एकशे एकवीसचे एकतीस फूट झालेत, अन् उरलेल्या एकतिसावरही एकमत नाही.

खड्डा काळ्या मातीनं बुजवला. विहीर चार दिवस उपसली. पोकलेनच्या हादऱ्यानं आतला दगड सरकला का, झरा स्वच्छ झाला का, हे बघायला मात्र कुणीतरी खाली उतरणं भाग होतं. विहिरीच्या लोखंडी पायऱ्या निम्म्या गंजलेल्या. चाचा म्हणाले, मीच जाणार, दुसऱ्याला काय कळतंय? बेगमचाची काठावर उभी राहून त्यांना या वयात अक्कल नसल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती. चाचांनी कमरेला दोर बांधून घेतला. विहिरीच्या धंद्यात दोर कुणाच्या हातात द्यायचा ते उतरणारा ठरवतो, त्यात कुणी तोंड घालत नाही. चाचांचा दोर नेहमी त्यांचा मुलगा मुस्तकीम धरतो. तो हाताला फडकं गुंडाळून पुढं झालाच होता. चाचांनी त्याला थांबवलं अन् माझ्याकडं वळले.

"वाल्मीक बोलला त्याचं मला काय नाय," ते म्हणाले. "तो तोंडावर बोलला. तू मान हलवलीस. ती मी पाहिली."

काठावर अर्धं गाव होतं. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. "चुकलो, चाचा," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक हाय. दोर धर."

मी दोर धरला. दोन वेढे मनगटाला घेतले, टाच कठड्याला लावली. चाचा एकेक पायरी उतरत गेले, जिथं पायरी नव्हती तिथं त्यांचं सगळं वजन माझ्या हातात आलं. माणूस एवढा हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. मुस्तकीम माझ्या शेजारी उभा राहून माझ्या हातांकडं बघत होता. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, अन् त्याचं काही चुकत नव्हतं. तळहात सोलून निघाले तरी मी पकड बदलली नाही.

खालून पहारीचे ठोके ऐकू आले. एक, दोन, मग बराच वेळ काहीच नाही. मग चाचांचा आवाज वर आला. दगड जागच्या जागी हाय. पाणी चोख हाय.

"अन् गोरक्ष," ते खालून म्हणाले, "दोर जरा ढिला सोड. मला प्यायचंय."

मी दोर हातभर ढिला सोडला. चाचा झऱ्याला तोंड लावून पाणी पीत होते, अन् आम्ही सगळे वर उभे राहून ते ऐकत होतो.